वाचन-लेखन शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतःसाठी काय वाचावे?

जत_पूर्व यांचा प्रश्न:

नमस्कार. जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी मराठी शाळेत मी काम करते आणि यंदा माझ्याकडे तिसरी-चौथीचे वर्ग आहेत. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कन्नड बोलले जाते.

साहित्याची माझ्याकडे वानवा नाही. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज कोणी ना कोणी कृतिपत्रिका टाकत असते, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून शासनाच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवरच्या चित्रफिती उघडतात, शब्दपट्ट्या आणि चित्रकार्डे कपाटात आहेत. पण हे सगळे मुलांपुढे मांडण्याचे साहित्य झाले. एखादे मूल अडते तेव्हा ते नेमके का अडते, हे शिक्षकाला समजावून सांगणारे वाचन माझ्या हाती फारसे लागलेले नाही. प्रशिक्षणात उपक्रमांची यादी मिळते, तो उपक्रम कोणत्या मुलासाठी आणि का, याला वेळ उरत नाही.

एक उदाहरण देते. ‘आजोबांनी विहिरीतून पाणी काढले’ हे वाक्य चौथीतल्या एका मुलीने ‘आजोबांनी विहिरीतून पाणी आणले’ असे वाचले. तेच वाक्य तिच्या शेजारच्या मुलाने ‘आजोबन विहरतून पाण काढल’ असे, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. स्तरनिश्चितीच्या तक्त्यात दोघेही ‘वाक्य वाचन’ याच रकान्यात बसले आणि दोघांना मी एकच कृतिपत्रिका दिली. दोघांची अडचण एक नाही, हे मला दिसते. पण पुढे काय करायचे, हे मला कोणत्या पुस्तकात, मासिकात किंवा अभ्यासक्रमात सापडेल? हिंदी मी सहज वाचते, इंग्रजी सावकाश. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून उतरवून घेता येईल असे काही असल्यास अधिक बरे.

निवृत्त_केंद्रप्रमुख_कोरेगाव यांचे उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराची सुरुवात आहे, कारण दोन मुलांनी काय वाचले हे तुम्ही जसेच्या तसे टिपून ठेवले आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी याच कामाला ‘रनिंग रेकॉर्ड’ या नावाने शिस्त लावून दिली. मुलासमोर उतारा ठेवायचा, त्याच उताऱ्याची दुसरी प्रत आपल्या हातात घ्यायची आणि मूल वाचत असताना बरोबर शब्दावर खूण, चुकलेल्या शब्दावर त्याने प्रत्यक्ष उच्चारलेला शब्द, गाळलेल्या शब्दावर रेघ आणि स्वतःहून दुरुस्त केलेल्या शब्दावर वेगळे चिन्ह करत जायचे. मध्ये बोलायचे नाही, ‘अगं, नीट बघ’ असेही म्हणायचे नाही. शंभरातले पंचाण्णव किंवा त्याहून अधिक शब्द बरोबर आले तर तो उतारा मुलाला सोपा, नव्वद ते चौऱ्याण्णव आले तर शिकवण्याजोगा आणि त्याखाली गेले तर अवघड, असा तिथला ढोबळ हिशेब आहे. तो इंग्रजी वाचनावरून बसवलेला आहे, म्हणून आकड्यांना चिकटून राहू नका. नोंदीची पद्धत मात्र मराठीला उत्तम लागू पडते.

आता तुमची दोन मुले घ्या. मुलीने ‘काढले’ ऐवजी ‘आणले’ म्हटले, म्हणजे वाक्याचा अर्थ तिच्या मनात चालू आहे, फक्त शब्द शेवटपर्यंत डोळ्यांखालून जात नाही. तिला अधिक पुस्तके हवीत आणि अर्थ बिघडला की मागे वळण्याची सवय हवी. मुलाचे व्यंजन पक्के आहे; काना, वेलांटी, एकार आणि अनुस्वार मात्र सुटतात, आणि ‘पाण काढल’ असे वाचूनही तो थांबत नाही, याचा अर्थ आपण वाचतो त्यातून काही समजायचे असते, हेच त्याला अद्याप कोणी दाखवलेले नाही. त्याला स्वरचिन्हांचे काम हवे आणि ते अर्थपूर्ण शब्दांतूनच हवे. आणखी एक गोष्ट, जी साहेब लोकांना पटवताना माझी अर्धी नोकरी गेली: मुलाने ‘काढले’ हे ‘काढलं’ असे वाचले तर ती चूक धरू नका. आपल्याकडे बोलताना तसेच म्हणतात आणि मुलाने अर्थ बरोबर पकडलेला असतो.

वाचनासाठी सांगायचे तर लांब जाण्याआधी फलटणकडे पाहा. मूळच्या अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर पीएच.डी. केली, पुढे तिथेच राहिल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली सुरू झाली. मराठी वाचन-लेखन शिकवण्याची त्यांनी बसवलेली पद्धत अक्षरमाला ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत ओळीने घेत नाही. मोजकी अक्षरे आणि त्यांच्यासोबत एखाद-दुसरे स्वरचिन्ह असा गट घेऊन त्यातून मुलांच्या ओळखीचे शब्द आणि छोटी वाक्ये पहिल्यापासूनच बनवली जातात, मग पुढचा गट. तुमच्या त्या मुलाला बाराखडी पुन्हा घोकायला लावण्यापेक्षा या रीतीने दोन-तीन गट नव्याने घेतलेत तर फरक दिसेल.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेनेही मराठीतील सुरुवातीच्या साक्षरतेवर पुष्कळ काम केले आहे. संस्थांची नावे सांगितली की शिक्षक लगेच भेटीला निघतात, तिथला फळा नि भिंती मोबाइलवर टिपतात आणि परत येऊन आपल्या भिंती रंगवतात. भेट जरूर द्या, पण तिथल्या शिक्षकाने एका मुलाजवळ बसून काय केले, एवढेच पाहून या.

मासिकांत ‘जीवन शिक्षण’ शासनाचे आहे आणि बहुतेक शाळांत येते. त्यातले परिपत्रकी लेख सोडून वर्गातील अनुभव सांगणारे तेवढे वाचावेत. पुण्याची ‘पालकनीती’ १९८७ पासून निघते आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिकही तिथलेच. दोन्हींत भाषाशिक्षणावरचे चांगले लेख मिळतात, ‘संदर्भ’ मात्र विज्ञानाकडे अधिक झुकलेले आहे.

वाळवा_ऊसपट्टा यांचे उत्तर:

सरांशी बहुतांशी सहमत आहे. पण पटावर चाळीस मुले असलेल्या वर्गात प्रत्येकाची अशी नोंद घेणे कसे जमेल, ते सरांनी सांगितले नाही. मी रोज परिपाठानंतर फक्त दोन मुलांना जवळ बसवतो आणि बाकीच्यांना त्या वेळी जोडीवाचन देतो. महिन्यात सगळा वर्ग एकदा होतो, तेवढे पुरते.

माझ्याकडे ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची मुले येतात. दिवाळीनंतर दाखल होतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातात आणि त्यांच्या आधीच्या शाळेने त्यांना काय शिकवले, याचा कागद त्यांच्यासोबत येत नाही. अशा मुलासाठी मला पहिल्या दिवशीच अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या चार पायऱ्यांवर अंदाज घ्यावा लागतो. प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणातली वाचनचाचणी त्यासाठी सोयीची पडते, कारण ती एका पानाची आहे, पाच मिनिटांत होते आणि मराठीतून मोफत मिळते. मात्र ती मूल कोणत्या पायरीवर आहे एवढेच सांगते. तिथे ते का थांबले, हे सांगण्यासाठी ती बनवलेलीच नाही. ताईंच्या तक्त्यात दोन मुले एकाच रकान्यात गेली, ती याच कारणाने. चाचणीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, तिच्यापुढचे काम आपले आहे.

शिक्षकाने वाचावे असे म्हणाल तर ‘लिरिल’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास शोधा. मराठीसाठी वाडा आणि कन्नडसाठी कर्नाटकातील यादगीर, अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या मुलांचे वाचन-लेखन शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग काही वर्षे पाहिले आणि त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मूळ इंग्रजीतून आहे, पण वर्गातील प्रसंग आपल्याच शाळेतले वाटतात. फळ्यावरून उतरवून काढणे आणि सामूहिक वाचन यांत वर्गाचा केवढा वेळ जातो आणि वाचलेल्या मजकुराच्या अर्थावर बोलणे किती कमी होते, हे त्यात तपशिलाने येते. ताई, तुमच्याकडे तर मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, त्यामुळे हा अहवाल जणू तुमच्यासाठीच लिहिला आहे.

मुलांच्या पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर संकेतस्थळ आहे. तिथल्या गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असतात, मोफत उतरवून छापता येतात आणि एकच गोष्ट बहुधा मराठी आणि कन्नड दोन्हींत मिळते. काही मराठी अनुवाद मात्र ओबडधोबड आहेत, ते आधी स्वतः मोठ्याने वाचून पाहावेत आणि जीभ अडली तर ती गोष्ट बाजूला ठेवावी.

मिरज_सीमाभाग यांचे उत्तर:

माझे घर कन्नड आणि शाळा मराठी, म्हणून थोडे लिहितो. या मुलांच्या सगळ्या चुका वाचनाच्या नसतात. शिक्षकाला दोन्ही भाषांची ठेवण थोडीफार माहीत असेल तर निम्म्या चुकांचे कारण जागच्या जागी कळते.

वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे आणि व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची कल्पनाही तीच आहे, ही जमेची बाजू झाली. ‘ळ’ दोन्हींत आहे, त्यामुळे तो आमच्या मुलांना सहज येतो. अडचण पुढे आहे. कन्नड शब्द बहुधा स्वरान्त असतात, म्हणून मूल ‘कमळ’ वाचताना शेवटचा ‘ळ’ पूर्ण उच्चारते. मराठीतला ‘चाक’ मधला च आणि ‘चहा’ मधला च लिहायला एकच, पण म्हणायला वेगळे. कन्नडमध्ये ‘चाक’ मधला उच्चार नाही, म्हणून मूल दोन्ही शब्द ‘चहा’ सारखेच म्हणते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची, हेही कन्नड अक्षरे पाहिलेल्या मुलाला विचित्र वाटते. आणि ‘तो रस्ता, ती खुर्ची, ते झाड’ हा निर्जीव वस्तूंमधला लिंगभेद कन्नडमध्ये नसल्यामुळे मूल ‘माझा खुर्ची’ असे लिहून मोकळे होते. या चार गोष्टींपैकी एकीवरही लाल शाईने उपाय होत नाही. ‘माझा खुर्ची’ साठी बोलणे वाढवावे लागते, वेलांटीसाठी वाचन आणि लेखन एकत्र करावे लागते, आणि ‘कमळ’ व ‘चाक’ च्या उच्चारांकडे तिसरीपर्यंत दुर्लक्ष केले तरी बिघडत नाही.

सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेले संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे मुले पहिल्या वर्ष-दीड वर्षात आत्मसात करतात, पण आपल्यासारख्या लिप्यांत व्यंजन, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते आणि ती शिकण्याचे काम चौथीपर्यंत चालू राहते, असे त्यातून दिसते. हे वाचल्यापासून ‘दुसरीत जोडाक्षरे का येत नाहीत’ असे विचारणाऱ्यांपुढे मी तरी मान खाली घालत नाही.

पायाभूत वाचन-गणितासाठीचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि त्यात तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य आहे. ‘अर्थासह’ हे त्या लक्ष्यातलेच आहे, तपासणीच्या वेळी नेमके तेवढे गळते. शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘शाळेजवळच्या’ हा एक शब्द मोजायचा आणि ‘घर’ हाही एकच, तर दोन उताऱ्यांतील साठ शब्द सारखे कसे धरायचे? वेग मोजायचा असेल तर दर वेळी सारख्या घडणीचा उतारा घ्या आणि त्या मुलाची तुलना त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी करा.

इंग्रजी_माध्यमिक_सातारा यांचे उत्तर:

मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, तरीही या चर्चेत एक सावधगिरीचा मुद्दा मांडते. जालावर वाचन-शिक्षणाचे जे मोफत व्यावसायिक साहित्य आहे, त्यातले बहुतेक अमेरिकेतले आहे. त्यातला फोनिक्सचा, म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांची जोडी शिकवण्याचा, मोठा भाग इंग्रजीच्या विस्कळीत वर्णलेखनामुळे आवश्यक झाला आहे. मराठीत लिहिलेले बरेचसे जसेच्या तसे वाचता येते, त्यामुळे तो भाग इथे उचलून आणण्याची गरज नाही. याउलट १९८६ साली गॉफ आणि टनमर यांनी मांडलेले साधे सूत्र, म्हणजे वाचन हा अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार आहे, हे कोणत्याही भाषेला लागू पडते. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्यच येते. ताईंच्या वर्गातील कन्नडभाषक मुलाने मराठी अक्षरे बिनचूक उलगडली, पण शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नसला, तर त्याचे वाचन कागदावरच राहते. म्हणून रोज पंधरा मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवणे आणि तिच्यावर दोन्ही भाषांतून बोलणे, हे वाचन-शिक्षणच आहे, फावल्या वेळचा उपक्रम नव्हे.

लेखनाबद्दल इथे कोणी बोललेच नाही, आणि आपल्या प्रशिक्षणांतही हेच होते. शुद्धलेखन आणि हस्ताक्षर यांनाच लेखन समजले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे १९७४ साली शिक्षकांचा एक लेखन-प्रकल्प सुरू झाला आणि तो पुढे देशभर पसरून ‘नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट’ झाला. लेखन शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतः लिहिले पाहिजे आणि शिक्षकांना उत्तम रीतीने शिकवू शकतो तो दुसरा शिक्षकच, या दोन गोष्टींवर तो उभा आहे. उन्हाळी वर्गात शिक्षक स्वतः लिहितात, एकमेकांना वाचून दाखवतात आणि आपल्या वर्गातील एखादा पाठ सहकाऱ्यांपुढे मांडतात. यासाठी निधी लागत नाही, इमारतही लागत नाही.

मुलांच्या लेखनावर प्रतिसाद देताना मी एका वेळी एकच गोष्ट धरते. पाचवीतून आलेल्या एका मुलीने लिहिले होते, ‘आमची म्हैस व्याली आनि आई रात भर जागी होती मला पण झोप नाही.’ यात ‘आनि’ आणि ‘रात भर’ यांभोवती गोल करून वही परत देणे सोपे होते. मी समासात विचारले, ‘रात्री गोठ्यात तू काय पाहिलेस?’ आणि पुढच्या दिवशी पानभर मजकूर आला. शुद्धलेखनाचे अठरा नियम शिक्षकाला तोंडपाठ हवेत, पण तिसरीतल्या वहीत ते सगळे एकदम उतरवायचे नसतात. अक्षरांच्या वळणाबाबत वाद झाला तर वर्णमालेविषयीचा १० नोव्हेंबर २०२२ चा शासन निर्णय जवळ ठेवावा, ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाची जागा आता त्याने घेतली आहे. शाळाशाळांतील ‘ल’ आणि ‘श’ ची भांडणे तिथे मिटतात.

जत_पूर्व यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. ‘माझा खुर्ची’ वाचून हसू आले, कारण आजच्याच वहीत ‘मोठा नदी’ आहे. कोरेगावच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन मुलांची नोंद उद्यापासून सुरू करते आणि वाळव्याच्या सरांचे रोज दोनचे प्रमाण मला झेपण्यासारखे आहे. इंग्रजी अहवाल सावकाश वाचीन.

दोन शंका उरल्या. माहितीपर मजकूर तिसरी-चौथीला झेपेल असा कुठे मिळेल? गोष्टी भरपूर आहेत, पण मुलांना विहीर, मेंढी, द्राक्षबाग यांविषयी वाचायचे असते. आणि साताऱ्याच्या मॅडमनी सांगितला तसा शिक्षकांचा गट आमच्याकडे कसा जमवावा? केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, पण तिथे पत्रकांचेच वाचन होऊन वेळ संपतो.

निवृत्त_केंद्रप्रमुख_कोरेगाव यांचे उत्तर:

माहितीपर मजकुरासाठी ‘किशोर’ पाहा. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक जालावर मोफत ठेवलेले आहेत. तालुक्याला गेलात की चांगल्या नेटवर दहा-बारा अंक उतरवून घ्या. भाषा चौथीला थोडी जड वाटेल, म्हणून लेखातला एक परिच्छेद निवडून तो तुम्हीच सोप्या वाक्यांत फळ्यावर लिहावा. आमच्या जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे आणि विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर खुले आहेत. ते मुलांसाठी नाहीत, पण ‘मेंढी’ वरची नोंद तुम्ही वाचून घेतलीत तर मुलांसाठी दहा वाक्ये लिहायला भरवशाची माहिती हाती येते. द्राक्षबागेसाठी मात्र मुलांच्या वडिलांनाच वर्गात बोलवा आणि ते सांगतील ते मुलांकडून लिहवून घ्या. सुट्टीत पाचगणीजवळ भिलारला चक्कर टाका. पुस्तकांचे गाव म्हणून ते ४ मे २०१७ पासून ओळखले जाते आणि तिथे बालसाहित्य बसून चाळता येते, म्हणजे शाळेसाठी काय मागवायचे हे विकत घेण्याआधी ठरवता येते.

कवठेमहांकाळ_शिक्षक यांचे उत्तर:

गटाबाबत लिहितो. शिक्षण परिषदेच्या भरवशावर राहू नका आणि गटाला नाव, अध्यक्ष, फलक असे काही देऊ नका, नाहीतर फोटो काढण्यातच बैठक संपते. आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकाने एकाच मुलाची वाचनाची नोंद किंवा वहीचे एक पान आणायचे, मुलाचे नाव झाकायचे आणि बाकीच्यांनी आधी फक्त त्या पानात काय दिसते एवढेच बोलायचे. उपाय सुचवायचा तो त्यानंतर. ‘तुमचा उपक्रम छान आहे’ असे म्हणायला बंदी आहे. जोडीला एक लेख आधी वाचून यायचे ठरते, तो कधी होतो, कधी राहून जातो.

पुढच्या महिन्यात तुमच्या त्या दोन मुलांच्या नोंदी घेऊन बसायचे असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघे जतपर्यंत येऊ शकतो. जागा तेवढी कळवा.